भुलभुलैया विकत घेणारा माणूस

जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे जागतिक वारसा समितीचे अधिवेशन झाले आणि मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. शिवनेरी, राजगड, रायगडापासून थेट तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. ती बातमी आपण सर्वांनी एकमेकांना आनंदाने कळवली. त्याच अधिवेशनात ग्रीसच्या क्रीट बेटावरील सहा प्राचीन राजवाड्यांनाही हा मान मिळाला, इकडे मात्र आपले लक्ष जाण्याचे कारण नव्हते. त्या सहांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे क्नोसॉसचा राजवाडा. हेराक्लिऑन शहरापासून पाचेक किलोमीटरवर. ग्रीसच्या सहलीला जाणारी मराठी कुटुंबे आता तिथवर पोहोचतात, तांबडे खांब आणि उड्या मारणाऱ्या बैलाचे चित्र यांच्यासमोर फोटो काढतात आणि बोटीवर परततात. तिथे जे दिसते त्यातले किती साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आणि किती शंभर वर्षांपूर्वीचे, हे समजून घ्यायचे तर एका माणसाचे चरित्र माहीत हवे. तो माणूस म्हणजे सर आर्थर इव्हान्स.

आधी कथा. क्रीटचा राजा मिनोस याला समुद्रदेव पोसायडनने बळी देण्यासाठी एक देखणा पांढरा बैल पाठवला. राजाला लोभ सुटला. त्याने तो बैल ठेवून घेतला आणि दुसराच बळी दिला. देव कोपला, राणीला त्या बैलाचाच मोह पडला, आणि तिच्या पोटी बैलाच्या तोंडाचा व माणसाच्या धडाचा मिनोटॉर जन्माला आला. त्याला कोंडण्यासाठी डेडलस या कारागिराने (आपल्याकडचा मयासुर म्हणा) असा भुलभुलैया बांधला की आत गेलेला बाहेर येऊ नये. अथेन्स नगरीला ठराविक वर्षांनी सात तरुण आणि सात तरुणी त्या राक्षसाच्या भक्ष्यासाठी पाठवाव्या लागत. बकासुराचा गाडा आपण लहानपणी ऐकलेला असतो, तेव्हा ही गोष्ट परकी वाटत नाही. इथला भीम म्हणजे थिसियस. मिनोसच्या मुलीने, अरिआड्नीने, त्याला सुताचा गुंडा दिला. ते सूत सोडत तो आत गेला, मिनोटॉरला मारले आणि त्याच सुताच्या आधाराने बाहेर आला.

एकोणिसाव्या शतकातले बहुतेक विद्वान याला निव्वळ कथा समजत.

आर्थर इव्हान्स यांचा जन्म ८ जुलै १८५१ रोजी इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात, नॅश मिल्स येथे झाला. घरचा धंदा कागदाच्या गिरण्यांचा. वडील जॉन इव्हान्स गिरणी सांभाळून जुनी नाणी आणि दगडी हत्यारे गोळा करत, आणि त्या विषयातले मोठे जाणकार म्हणून युरोपभर ओळखले जात. आर्थर सहा वर्षांचा असताना आई गेली. मुलगा वाढला तो वडिलांच्या कपाटांतल्या जुन्या वस्तूंच्या संगतीत. डोळ्यांनी तो फार अधू होता, चार पावलांपलीकडचे धूसर दिसे. पण वस्तू डोळ्याजवळ धरली की इतरांना भिंगातून दिसणार नाही इतके बारीक काम त्याला दिसे. पुढच्या आयुष्याचे बरेचसे रहस्य या डोळ्यांत आहे, असे मला वाटते.

ऑक्सफर्डला इतिहासाची पदवी घेऊन हा तरुण बाल्कन प्रदेशात भटकायला गेला. १८७५ साली बोस्नियात तुर्की अमलाविरुद्ध बंड पेटले होते. इव्हान्सनी तो मुलूख पायी तुडवला, त्यावर पुस्तक लिहिले आणि मँचेस्टर गार्डियनचे बातमीदार झाले. १८७८ मध्ये इतिहासकार फ्रीमन यांची कन्या मार्गारेट हिच्याशी विवाह झाला आणि जोडप्याने रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, येथे बिऱ्हाड केले. तोवर तिथे ऑस्ट्रियाचा अंमल आला होता. बंडखोरांविषयीची सहानुभूती इव्हान्सनी लपवली नाही. १८८२ मध्ये ऑस्ट्रियन सरकारने त्यांना पकडून काही आठवडे तुरुंगात ठेवले आणि मग हद्दपार केले. त्यांच्या चरित्रातला हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो, पण दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंग पाहिलेला हा माणूस पुढे क्रीटमध्ये स्वतः कसा वागला, हे पाहताना तो लक्षात ठेवायला हवा.

१८८४ मध्ये ते ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे प्रमुख झाले. संग्रहालय तेव्हा मरगळलेले होते. पुढची चोवीस वर्षे इव्हान्सनी ते सांभाळले, नव्या इमारतीत नेले, वस्तूंनी भरून टाकले. मात्र १८९३ मध्ये मार्गारेट वारली. मूलबाळ नव्हते. त्यानंतर पत्रव्यवहारासाठी ते काळ्या काठाचा कागद वापरत आणि ही रीत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

क्रीटला ते पहिल्यांदा गेले पत्नीच्या निधनाला एक वर्ष होत असताना, मार्च १८९४ मध्ये. निमित्त होते मण्यांचे. अथेन्सच्या जुन्या बाजारात त्यांना नखाएवढे कोरीव दगड मिळाले होते, भोक पाडलेले, प्रत्येकावर बारीक खुणा. जवळचेच दिसणाऱ्या त्या डोळ्यांना खात्री पटली की ही नक्षी नसून लिपी आहे. दगड क्रीटहून आल्याचे व्यापाऱ्यांनी सांगितले. क्रीटमध्ये गावोगाव फिरताना त्यांना असेच मणी बायकांच्या गळ्यांत दिसले. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध कमी पडू नये म्हणून आया ते घालत आणि त्यांना दुधाचे दगड म्हणत. म्हाताऱ्या बायका मणी विकायला तयार होत, लेकुरवाळ्या होत नसत. मग इव्हान्स त्या मण्यांचे ठसे घेऊन पुढे जात. हजारो वर्षांपूर्वीच्या मुद्रा अशा आयांच्या गळ्यांत सुखरूप राहिल्या होत्या.

हेराक्लिऑनमध्ये त्यांची गाठ मिनोस कालोकेरिनोस यांच्याशी पडली. नाव योगायोगाने त्या राजाचेच. हे तिथले सुशिक्षित व्यापारी. क्नोसॉसच्या टेकाडाखाली काहीतरी मोठे आहे हे त्यांनी ओळखले होते आणि १८७८-७९ च्या हिवाळ्यात स्वतः खोदकाम करून पुरुषभर उंचीच्या रांजणांनी भरलेली कोठारे उघडी केली होती. काम बंद पडले ते क्रीटच्या लोकांच्याच सांगण्यावरून. बेट तुर्की अमलाखाली होते, आणि निघेल ते सगळे कॉन्स्टँटिनोपलला जाईल अशी धास्ती होती. नंतर ट्रॉय शोधणारे श्लीमान यांनीही टेकाड विकत घेण्याचा प्रयत्न केला, पण सौदा जमला नाही. कालोकेरिनोस यांनी इव्हान्सना ती जागा आणि आपला संग्रह मोकळेपणाने दाखवला.

इव्हान्सजवळ दोन गोष्टी होत्या: चिकाटी आणि वडिलोपार्जित पैसा. त्यांनी आधी टेकाडाच्या जमिनीतला एक हिस्सा विकत घेतला आणि वाट पाहिली. १८९८ मध्ये क्रीटला स्वायत्तता मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हेराक्लिऑनमध्ये दंगल उसळली, त्यात कालोकेरिनोस यांचे घर जळाले, संग्रह गेला, खोदकामाची टिपणेही गेली. नवे सरकार येताच इव्हान्सनी उरलेली जमीन घेतली आणि २३ मार्च १९०० रोजी कुदळ पडली. मजूर ठेवताना त्यांनी ख्रिस्ती आणि मुसलमान दोघांनाही मुद्दाम एकत्र कामाला लावले. दोन वर्षांपूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसे एकाच चरात माती उपसू लागली. याबद्दल त्यांना पुरेसे श्रेय दिले जात नाही.

पहिल्या आठवड्यातच मातीच्या कोरलेल्या पाट्या सापडल्या. ज्या लिपीसाठी ते आले होते ती हाती लागली. एप्रिलच्या मध्यास एक खोली उघडी झाली: भिंतीला टेकून उंच पाठीचे दगडी आसन, दोन्ही बाजूंना दगडी बाके, समोर पायऱ्या उतरून जाणारे एक कुंड. आसन जसेच्या तसे जागेवर होते. इव्हान्सनी त्याला सिंहासन म्हटले आणि ते नाव कायम झाले. मग कोठारे, अंगणे, जिने, दिवे ठेवायच्या जागा, सांडपाण्याची भाजलेल्या मातीची नळे, भिंतींवरच्या चित्रांचे तुकडे, आणि एका चित्रात बैलाच्या शिंगांसमोर आणि पाठीवरून कोलांट्या घेणारे तरुण. अंगणाभोवती शेकडो खोल्या इतक्या वेड्यावाकड्या गुंतलेल्या की भुलभुलैयाची कथा कुठून निघाली हे वेगळे सांगायला नको. खांबांवर आणि भिंतींच्या दगडांवर दुहेरी पात्याच्या परशूची खूण पुन्हा पुन्हा कोरलेली होती. इव्हान्सचे मत असे की त्या परशूच्या लाब्रिस या नावावरूनच लॅबिरिंथ हा शब्द आला. आज सगळे भाषातज्ज्ञ ते मानत नाहीत.

पाच-सहा वर्षांत मुख्य काम उरकले. इ.स.पू. १९०० च्या सुमारास उभा राहिलेला, पडलेला, पुन्हा बांधलेला आणि शेवटी आगीत संपलेला राजवाडा उजेडात आला, आणि त्याच्याबरोबर एक अख्खी संस्कृती. तिला मिनोसच्या नावावरून मिनोअन म्हणायचे, हे इव्हान्सनी रूढ केले. अभिजात ग्रीसच्या हजार-दीड हजार वर्षे आधीच्या युरोपचे पान तोवर कोरे होते. १९११ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. कालोकेरिनोस १९०७ मध्ये वारले. इव्हान्सच्या कीर्तीत त्यांचे नाव एखाद्या तळटीपेइतकेच उरले होते.

आता सिमेंटचा प्रश्न. या वाड्याचे खांब लाकडाचे होते, वर रुंद आणि खाली निमुळते, आणि ते कधीच जळून गेले होते. मातीच्या आधाराने उभे असलेले वरचे मजले माती काढताच ढासळू लागले. पूर्वेकडचा मोठा जिना वाचवायचा तर आधार देत देतच खाली जावे लागले. आधी लाकडाचे टेकू दिले, ते पावसाने कुजले. विटा आणि लोखंडी तुळया वापरून पाहिल्या, त्या महाग पडल्या. १९२० च्या दशकात लोखंडी सळ्यांचे काँक्रीट हाताशी आले आणि इव्हान्सना जणू पंख फुटले. टेकू देणे मागे पडले, बांधणे सुरू झाले. वरच्या मजल्यावर दालने उभी राहिली, त्यांना त्यांनीच नावे दिली. तांबडे-काळे खांब रंगवले. गिलिएरॉन या बापलेक चित्रकारांनी हातभर तुकड्यांवरून पुरुषभर चित्रे पुरी केली.

यात काही घोटाळे झाले. केशर वेचणारा निळा मुलगा म्हणून जोडलेले चित्र मुळात माकडाचे होते, हे पुढे शेपटीच्या तुकड्यावरून सिद्ध झाले. मुकुट घातलेला लिलीच्या फुलांचा राजपुत्र तर बहुधा वेगवेगळ्या आकृत्यांचे तुकडे एकत्र करून झाला आहे.

इंदूरकरांना हा प्रश्न अनोळखी नाही. १९८४ च्या आगीत राजवाड्याचा मागचा भाग गेला आणि पुढे तो जुन्या पद्धतीने पुन्हा उभारला गेला. पण तिथे जुनी छायाचित्रे होती, वाडा पाहिलेली माणसे गावात होती. इव्हान्ससमोर होती ती तेहतीस शतकांची राख. तरीही माझे मत असे की नुसते पायाचे दगड ठेवले असते तर मोठा जिना आज उरला नसता. खालचे वाचवण्यासाठी त्यांनी केले ते योग्यच होते. वरचे मजले त्यांनी चढवले ते स्वतःच्या मनातल्या मिनोससाठी. या दोन कामांमधली रेघ त्यांनी जागेवर कुठे आखून ठेवली नाही, हा त्यांचा खरा दोष. २६ जून १९२६ रोजी क्रीटला मोठा भूकंप झाला तेव्हा ते तिथेच, आपल्या व्हिला अरिआड्नी या घरात अंथरुणावर होते. जमिनीखालून बैल डुरकल्यासारखा आवाज आल्याचे ते सांगत. सळ्यांचे काँक्रीट टिकले. त्याच वर्षी त्यांनी ती सारी मिळकत अथेन्सच्या ब्रिटिश पुरातत्त्व शाळेला देऊन टाकली.

लिपीच्या बाबतीत मात्र त्यांनी हात सैल सोडला नाही. क्नोसॉसला तीन हजारांवर पाट्या आणि तुकडे निघाले. या पाट्या भाजलेल्या नव्हत्या, वाड्याला लागलेल्या आगीनेच त्या पक्क्या झाल्या होत्या. काही तर खोदल्यानंतर गळक्या छपराखाली ठेवल्याने पहिल्याच वर्षी भिजून चिखल झाल्या. इव्हान्सनी तीन लिप्या वेगळ्या ओळखल्या: एक चित्रलिपी आणि दोन रेषालिपी, अ आणि ब. पाट्या सर्वांत जास्त ब लिपीच्या. पण त्यांतल्या फारच थोड्या त्यांनी छापल्या. आपणच उलगडा करू या आशेवर चाळीस वर्षे गेली, आणि तोवर जगभरच्या अभ्यासकांना मूळ मजकूरच पाहायला मिळाला नाही.

उलगड्याच्या उंबरठ्यापर्यंत ते आले होते, हे विशेष. एका पाटीवर घोड्यांची तोंडे काढलेली होती, काहींना आयाळ नव्हती, आणि तिथे दोन चिन्हे होती. सायप्रसच्या जुन्या लिपीशी ताडून त्यांनी ती पो-लो अशी वाचली. ग्रीक भाषेत पोलोस म्हणजे शिंगरू. चित्रही शिंगराचेच. पण मिनोसचे लोक ग्रीक नव्हते, ते ग्रीकांच्याही वर राज्य करणारे होते, यावर इव्हान्सची श्रद्धा इतकी घट्ट होती की हा योगायोग समजून त्यांनी तो बाजूला सारला. त्यांच्या या मताशी जाहीर वाद घालणाऱ्या पुरातत्त्वज्ञांची त्या काळात काही सोय नव्हती.

उतारवयात इव्हान्स ऑक्सफर्डजवळच्या यूलबरी या आपल्या घरी राहत. तिथल्या रानाचा एक भाग त्यांनी बालवीरांच्या छावणीसाठी दिला होता. राजवाड्यावरच्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९२१ मध्ये आला आणि चौथा १९३५ मध्ये, तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्याच वर्षी ते शेवटचे क्रीटला गेले. राजवाड्याच्या दाराशी त्यांचा अर्धपुतळा त्यांच्याच समक्ष बसवला गेला. तो आजही तिथे आहे. १९३६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात शाळेच्या मुलांना पाट्या दाखवताना त्यांनी सांगितले की ही लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही. त्या मुलांत चौदा वर्षांचा मायकेल व्हेंट्रिस होता.

मे १९४१ मध्ये जर्मन सैन्य क्रीटवर उतरले. क्नोसॉसची देखरेख पूर्वी करणारे जॉन पेंडलबरी त्या लढाईत मारले गेले. व्हिला अरिआड्नीत पुढे जर्मन सेनापतींनी मुक्काम केला, आणि क्रीटमधल्या जर्मनांची शरणागतीही मे १९४५ मध्ये त्याच घरात झाली. इव्हान्सना ते पाहायला मिळाले नाही. नव्वदी पुरी करून तीनच दिवसांनी, ११ जुलै १९४१ रोजी, ते यूलबरीला वारले.

क्नोसॉसच्या पाट्या त्यांच्या मित्राने, जॉन मायर्स यांनी, छापून पुऱ्या केल्या त्या १९५२ मध्ये. तोवर अमेरिकेत अ‍ॅलिस कोबर यांनी हाती आलेल्या थोड्या मजकुरावरून शब्दांची रूपे कशी बदलतात याचे तक्ते केले होते, आणि त्या १९५० मध्ये वारल्याही होत्या. व्हेंट्रिस आता वास्तुविशारद झाला होता. कोबर यांच्या तक्त्यांवरून पुढे जात त्याने १९५२ मध्येच उलगडा केला. ब लिपीतले सत्त्याऐंशीच्या आसपास चिन्हांचे कोष्टक आपल्या बाराखडीची आठवण करून देते: क, कि, को अशी प्रत्येक अक्षराला स्वतंत्र खूण, फक्त जोडाक्षरांची सोय नाही. म्हणून क्नोसॉस लिहायचे को-नो-सो, आणि तिपाई लिहायची ति-रि-पो, जी संस्कृतातल्या त्रिपादाची सख्खी बहीण. भाषा ग्रीकच निघाली. इव्हान्स इथे चुकले होते. अ लिपी मात्र अजून वाचता आलेली नाही, आणि ती भाषा ग्रीक नसावी, म्हणजे मिनोसचे मूळ लोक वेगळे होते, एवढ्यापुरते त्यांचे म्हणणे टिकले आहे.

पाट्यांमध्ये काव्य नव्हते, पुराण नव्हते. मेंढ्या, लोकर, तेल, धान्य, रथाची चाके यांचे हिशेब होते, एखाद्या संस्थानच्या कोठीच्या वहीसारखे. त्यांतल्या एका छोट्या पाटीवर मधाची नोंद आहे: सर्व देवांना एक घागर, आणि बहुतेक अभ्यासकांच्या वाचनाप्रमाणे, भुलभुलैयाच्या स्वामिनीला एक घागर. इव्हान्सच्याच खोदकामात ती निघाली होती.

आज त्यांचे काँक्रीटही शंभर वर्षांचे झाले आहे. आतल्या सळ्या गंजतात, तडे जातात, आणि आता त्याचीही डागडुजी करावी लागते, कारण तेही या जागेच्या इतिहासाचा भाग झाले आहे. क्नोसॉसला जाणार असाल तर हेराक्लिऑनचे पुरातत्त्व संग्रहालय आधी पाहावे. भिंतींवरच्या चित्रांचे मूळ तुकडे तिथे आहेत, आणि कुठला तुकडा जुना, कुठला रंग नंतरचा, हे तिथे उघड दिसते. वाड्यातली चित्रे प्रती आहेत, पण सिंहासनाच्या खोलीतले दगडी आसन खरे आहे, आणि मोठ्या जिन्याच्या खालच्या पायऱ्याही. शहरातच कालोकेरिनोस घराण्याच्या वाड्यात क्रीटचे ऐतिहासिक संग्रहालय आहे. सहलीच्या कार्यक्रमात ते नसते, पण एक तास काढावा.